जिप्सीचे पाटे: राईड मऊ करायला एक पाटा काढावा का?

कुंभार्लीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जिप्सी किंग आहे, १३०० सीसीची, जुनी कार्ब्युरेटरवाली. गाडी चिपळूणला असते, कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे सारखं जाणं असतं आणि पावसाळा संपताना तो रस्ता कसा होतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल. इंजिन गिअरबॉक्स झकास आहे, तक्रार फक्त राईडची. मोठ्या खड्ड्यात गाडी बरी जाते, पण बारीक बारीक खडबडीत रस्त्यावर नुसती थाडथाड, सगळं थेट पाठीत येतं. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, तिला कराडला डॉक्टरकडे न्यायचं असतं तर दर वेळी दुसऱ्याची गाडी मागायला लागते, ते मला पटत नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं मागचा एक एक पाटा काढून टाकू, लगेच मऊ होईल. दुसरा म्हणतो शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब लाव. तिसरा म्हणतो पाटे भट्टीत घालून कमान वाढवून देतो. मला उंची वाढवायची नाही, फक्त राईड सुधारायची आहे आणि घाटात वळणावर गाडी आत्ता जेवढी ऐकते तेवढी तरी ऐकायला पाहिजे. बहुतेक वेळा गाडीत एक-दोनच माणसं, सामान नाही. काय करावं?

मेजर५४०
पाटा काढू नकोस. भट्टीत तर अजिबात देऊ नकोस. आत्ता ड्यूटीवर आहे, रात्री सविस्तर लिहितो.

रेवती_मेक
मेजरदादांशी सहमत. पण का नाही ते आकड्यात बघितलं तर पुढचा रस्ता पण दिसतो म्हणून लिहिते, थोडं लांब होईल.

पाट्याचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: पाटे किती, जाडी किती आणि लांबी किती. संख्येचा परिणाम सरळ असतो, म्हणजे चारचे तीन केले की साधारण २५ टक्के मऊ. जाडीचा परिणाम घनाने जातो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा घातला तर तोच पाटा जवळजवळ ५९ टक्के कडक होतो, एका मिलिमीटरमध्ये! आणि ५ मिमी केला तर ४२ टक्के मऊ. लांबी पण घनाने, फक्त उलट्या दिशेने, पाटा १० टक्के लांब केला तर तो २५ टक्के मऊ होतो.

आता गंमत बघा. चारातला एक पाटा काढला तरी २५ टक्के मऊ आणि लांबी १० टक्के वाढवली तरी २५ टक्के मऊ. पण पाटा काढल्यावर तेवढ्याच वजनाला उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण ३३ टक्के वाढतो, लांबी वाढवली तर फक्त १० टक्के. राईड तीच मिळते पण एकात पाटा तुटायच्या जवळ नेऊन ठेवलाय आणि दुसऱ्यात नाही.

अजून एक. सगळ्यांना वाटतं जास्त पाटे म्हणजे कडक गाडी. ६ मिमीचे ४ पाटे आणि ५ मिमीचे ६ पाटे यांची तुलना करून बघा, सहा पाट्यांचा सेट १३ टक्के मऊ येतो आणि ताकदीला चारच्या सेटपेक्षा तसूभर जास्तच. म्हणून चांगले कम्फर्ट सेट बनवणारे पातळ पाटे जास्त संख्येने वापरतात. पातळ पाटा जास्त वाकला तरी त्याच्यावर ताण कमी येतो. (हे सगळं आदर्श सेटचं गणित आहे, प्रत्येक पाट्याची लांबी वेगवेगळी असते त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडे तिकडे होतात. सगळ्यात खालचा आखूड पाटा काढला तर मऊपणा फार मिळत नाही, उलट यू बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट) प्लेटजवळ सगळं वाकणं एकवटतं आणि वरचे पाटे तिथेच तुटतात.)

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. कॉइल स्प्रिंगवाल्या गाडीत स्प्रिंगचं काम फक्त वजन झेलणं, ॲक्सलला जागेवर धरायला वेगळे रॉड असतात. जिप्सीत ते दुसरं कामही पाटाच करतो. पुढे-मागे, आडवं, आणि ब्रेक किंवा ॲक्सिलरेटर मारल्यावर ॲक्सल स्वतःभोवती फिरू बघतो तेही पाटाच अडवतो. पहिल्या गिअरमध्ये चढावर जोर लावला की पाटा इंग्रजी एस सारखा वळतो, मग सुटतो, मग परत वळतो, आणि चाक उड्या मारायला लागतं. पाटा काढला की हे वाढणारच. म्हणून कुठलाही पाटा बदलताना राईड आणि ॲक्सलची पकड दोन्हीचा विचार एकदम करायला लागतो.

चिखलगाडी
एवढं गणित कशाला, जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून आहेत ते वरून घे, पाच एक इंच उंची फुकट मिळते आणि चाकाला खेळायला जागा पण. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत.

रेवती_मेक
त्याने उंची नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि पाटे ॲक्सलवर घेतले की स्टीअरिंगच्या रॉडचा कोन बदलतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज ताणले जातात, आणि ॲक्सल स्वतःभोवती फिरायचा प्रकार अजून वाढतो. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, अंगाने अरुंद गाडी, तिला पाच इंच उचलून रोज घाटात चालवायची हे मला धोक्याचं वाटतं. डबक्यात आणि दगडात खेळायला वेगळी गाडी असेल तर तुमचं बरोबर.

शिवाय मागच्या पाट्याचं पुढचं टोक ॲक्सलच्या मानाने वर गेलं की वळणावर गाडी झुकताना बाहेरचं मागचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे येतं, म्हणजे मागचा ॲक्सलच थोडा वळतो, आणि तोही वळणाच्या उलट बाजूला तोंड करून. ड्रायव्हरला वाटतं शेपूट बाहेर निघतंय. उंची वाढवलेल्या गाड्या वळणावर घाबरवतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, फक्त उंचीमुळे झुकतात एवढंच नाही. लांब शॅकल लावून मागचं टोक खाली ढकललं की हेच थोड्या प्रमाणात होतं.

पाटेवाला_कोल्हापूर
आमच्या घरात दोन पिढ्या पाट्याचंच काम, हायवेला दुकान हाय. ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली, जीप सगळं येतं. रेवतीताईंनी हिशोब बरोबर मांडलाय बघा, मी हातानं बघितलेलं सांगतो.

भाऊ, तुमची गाडी बारीक खड्ड्याला थाडथाड करते आणि मोठ्याला बरी जाते म्हणता, म्हणजे पाटा कडक नाही, पाटा जाम हाय. पाटे एकमेकांवर घासत सरकतात तेव्हाच पाटा वाकतो. मधी गंज धरला, टोकाचे तुकडे खाली रुतून खाच पडली, की छोट्या धक्क्याला पाटे सरकतच नाहीत. मग गाडीला स्प्रिंग नसल्यासारखंच झालं, नुसत्या टायरच्या रबरावर चाललीय. मोठा खड्डा आला की जोर बसतो आणि मग सरकतात. कोकणातल्या हवेत तर हे लई होतं, खारं वारं आणि सहा महिने चिखल.

तपासायचं कसं ते सांगतो, पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर लावा, चाकाच्या वर बॉडीला खूण करा. बंपरवर वजन टाकून गाडी खाली दाबा आणि अगदी हळू हळू सोडा, झटका द्यायचा नाही. जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. मग गाडी हातानं वर उचलून तशीच हळू सोडा आणि परत मोजा. दोन मापात जेवढा फरक तेवढं ते घर्षण. चांगल्या पाट्याला फरक अगदी थोडा येतो. दोन दोन बोटं फरक आला तर पाटे उघडायलाच पाहिजेत, आधी दुसरं काहीही करू नका.

उघडल्यावर काय बघायचं: प्रत्येक पाटा वायर ब्रशनं साफ, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधी एकत्र धरणारा बोल्ट) भोकाजवळ आणि पाट्याची टोकं जिथं टेकतात तिथं बारीक तडा बघायचा, तडा असला की तो पाटा भंगारात, वेल्डिंग मारायची नाही. कुणी सांगितलं वेल्ड करतो तर गाडी उचला आणि निघा. टोकाखाली जिथं खाच पडलीय तिथं ग्राइंडरनं हळू धार मोडून घ्यायची, लांबीच्या दिशेनं, आडवी नाही, कारण आडवा ओरखडा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा.

मग मधी नायलॉनच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पट्ट्या. ग्रीस नुसतं थापू नका, लाल माती त्यात बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. ग्रॅफाइट घालायचं असेल तर कोरडं. पूर्वी मोटारींना पाट्यावर चामड्याचं कव्हर शिवून आत ग्रीस भरायचे, ते आता कोण करणार.

मेजर५४०
पाटेवाले भाऊंनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं मी लिहितो, माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, तीही चारही बाजूंनी पाट्यांचीच, आणि नोकरीत जिप्सी भरपूर चालवल्या आहेत.

बुश, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोलात बसणारे रबरी तुकडे. जुने रबर बुश कडक होऊन फुटतात, ते बदलायचेच. पण पॉलियुरेथेनचे घालायचे का हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत, राईड पाहिजे असेल तर चांगलं रबरच घाल. एक चाक वर आणि एक खाली जातं तेव्हा पाटा पिळला जातो आणि तो पीळ बुशनेच घ्यायचा असतो. बुश कडक असेल तर पीळ मेन पाट्यावर (सगळ्यात वरचा, बुशचा गोल असलेला) जातो. पॉलियुरेथेनने स्टीअरिंग थोडं धारदार होतं हे खरं, पण तुला आईला डॉक्टरकडे न्यायचंय.

आणि ही गोष्ट दहापैकी नऊ ठिकाणी चुकते: शॅकलचे आणि पुढच्या पिनचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करायची, दोन चार वेळा दाबायची, मग टाइट करायचे. लटकत्या अवस्थेत टाइट केलं की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी उंच दिसते, कडक लागते, आणि बुश थोड्याच दिवसांत फाटतात. कामाच्या वेळी स्वतः उभा राहून हे बघ.

यू बोल्ट नवीन. जुने एकदा ताणले गेले की परत तेवढी पकड देत नाहीत. चारही नट आळीपाळीने तिरके तिरके टाइट करायचे, आणि काही शे किलोमीटर चालल्यावर परत पाना लावायचा. यू बोल्ट सैल राहिले तर सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. तू पाटा काढणं, लांब शॅकल वगैरे बोलतोयस, पण माझ्या अनुभवात पाट्याच्या गाड्यांचे जास्तीत जास्त घोळ या एका गोष्टीतून होतात.

पुढच्या बाजूचं वेगळं सांगतो. पुढे पाटा बदलला किंवा शॅकल बदललं की ॲक्सल पुढे-मागे कलतो आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) बदलतं. कास्टर कमी झालं की स्टीअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. मग ॲक्सलच्या आणि पाट्याच्या मध्ये पाचरी घालून ते परत आणायला लागतं. पाचर घालायची तर स्टीलची, ॲल्युमिनियमची चेपते आणि मग यू बोल्ट सैल. स्टीअरिंग एका ठराविक स्पीडला गदागदा हलत असेल तर आधी किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग, टायरचं बॅलन्सिंग बघ. स्टीअरिंग डॅम्पर लावून ते लपतं, बरं होत नाही.

जुन्नरचा_बोलेरोवाला
धागा चांगला चाललाय, माझी पण शंका टाकतो. माझी बोलेरो पिकअप नाही, साधी पॅसेंजर बोलेरो आहे, मागे पाटे. घरचे सगळे बसले की गाडी एकदम गादीसारखी, आणि नारायणगावला टोमॅटो मार्केटला एकटा जातो तेव्हा मागून उडते. हे पण घर्षणाचंच का? माझे पाटे उघडून साफ केलेत मागच्या वर्षीच.

रेवती_मेक
नाही, हे वजनाचं. गाडीच्या वजनाने पाटा जितका खाली बसतो त्यावर गाडी किती वेगाने वर-खाली होते ते ठरतं. वजनाने १०० मिमी बसत असेल तर सेकंदाला साधारण १.६ वेळा, ५० मिमीच बसत असेल तर २.२ वेळा. माणसाला एक-दीडच्या आसपास बरं वाटतं, दोनच्या वर गेलं की उडल्यासारखं. बोलेरोचे मागचे पाटे सात-आठ माणसांच्या हिशोबाने दिलेले, तुम्ही एकटे असलात की ते जेमतेम बसतात. हे एका सेटमध्ये दोन्ही जमवायचं तर दोन टप्प्यांचा पाटा लागतो, म्हणजे वरचे पाटे मऊ आणि खाली एक जाड, सरळ पाटा जो मोकळा असताना टेकत नाही, वजन आल्यावरच टेकतो. पण तुमच्या गाडीला आधी टायरमधली हवा बघा. पिकअपवाल्यांच्या नादाने बरेच जण मागे भरमसाट हवा भरून ठेवतात.

पर्थवासी
मूळचा सांगलीचा, आता ऑस्ट्रेलियात. माझ्याकडे लँड क्रूझर ७९ आहे, मागे पाटेच. इकडे खाणीवर आणि शेतावर काम करणारे लोक आधी विचारतात, मागे कायम किती वजन असतं? टूलबॉक्स, पाण्याची टाकी, डबल बॅटरी हे कायमचं वजन धरून त्या वजनाचा सेट घ्यायचा. रिकाम्या गाडीला ३०० किलोचा सेट घातला की पाठ मोडते. आणि गाडीची वजन वाहायची मर्यादाच वाढवायची असेल तर त्याला रीतसर प्रमाणपत्र लागतं, नुसता पाटा घातला म्हणून कायद्याने मर्यादा वाढत नाही.

पॅराबोलिक पाट्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यात दोन तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेले, आणि फक्त मध्ये आणि टोकाला टेकतात, मधलं अंतर मोकळं. घर्षण जवळजवळ नाहीच त्यामुळे बारीक खड्डे गिळतात. पण एक लक्षात ठेव, जुन्या पाट्याचं घर्षण शॉक ॲब्सॉर्बरचं थोडं काम करत असतं. ते गेलं की जुने दमलेले शॉक उघडे पडतात, गाडी डुलायला लागते. घर्षण कमी केलं, पट्ट्या घालून असो की पॅराबोलिक घालून असो, शॉक चांगले पाहिजेतच.

पाटेवाला_कोल्हापूर
बरोबर. आमच्याकडे लोक पाटे मोकळे करून घेतात आणि मग म्हणतात गाडी झोके घेतेय, बघायला गेलं तर शॉकमधलं तेल कधीच गेलेलं असतं.

भट्टीचं राहिलं. पाट्याचं पोलाद विशेष असतं, ते तापवून तेलात बुडवून मग परत ठराविक तापमानाला तापवून तयार केलेलं असतं. गॅसकटरनं तापवून हातोड्यानं कमान वाढवली की ते पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलं. जिथं तापवलं तिथं पाटा मऊ, तिथंच बसतो, आणि त्याच्या शेजारी ठिसूळ. गार अवस्थेत प्रेसवर कमान दिली तर धातू खराब होत नाही, पण बसलेला पाटा थोड्या महिन्यात परत बसतो. बसलेल्याला बदलणं हाच उपाय. जुने काढलेले पाटे लोहार घेऊन जातात, ऊसतोडीचे कोयते, विळे त्याचेच होतात, पोलाद एवढं चांगलं असतं की धार टिकते. पण गाडीखाली परत घालायच्या लायकीचं ते नसतं.

आणि दुसरा पाटा, म्हणजे मेनच्या खालचा, ज्याचं टोक मेन पाट्याच्या बुशच्या गोलाला मिठी मारून बसलेलं असतं, तो कधीही काढायचा नाही. मेन पाटा घाटात तुटला तर ॲक्सलला तोच धरून ठेवतो. एका माणसानं वजन कमी करायला तोच काढून घेतला होता, आम्ही गाडी परत पाठवली, आधी तो बसवून ये म्हणून.

चिखलगाडी
ठीक आहे, माझी गाडी डोंगरासाठीच आहे, रोजची वेगळी आहे. पण चढावर चाक उड्या मारतं त्यावर काय करायचं, ते तर मलाही होतं.

रेवती_मेक
ॲक्सल ते चासी असा एक रॉड, फक्त फिरणं अडवणारा, त्याच्या चासीकडच्या टोकाला शॅकल असायला पाहिजे नाहीतर सस्पेन्शन अडकतं. किंवा पाट्याचा पुढचा अर्धा भाग ताठ ठेवायचा: पाटे एकत्र बांधणाऱ्या क्लिपा पुढच्या बाजूला घट्ट, मागच्या बाजूला सैल. साठच्या दशकात अमेरिकेत क्रायस्लरच्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांना पुढचा अर्धा भाग मुद्दाम ताठ केलेले पाटे असायचे, तत्त्व तेच.

मेजर५४०
कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही असा निकाल दिलाय. बुश, पट्ट्या, शॉक, मूळ मापाचे पाटे ही दुरुस्ती झाली. ॲक्सलवर पाटे घेऊन गाडी पाच इंच उचलणं ही दुरुस्ती नाही. इन्शुरन्सवाला अपघातानंतर बघायला येतो तेव्हा पहिलं तेच बघतो.

कुंभार्लीकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाटेवाले दादांनी सांगितलं तसं मोजून बघितलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात फरक दोन बोटांच्या वर! पाटे उघडले तर मध्ये गंजाचे पापुद्रे होते, अक्षरशः चिकटलेले. तडा एकाही पाट्याला नव्हता हे नशीब. साफ करून टोकांना नायलॉनच्या पट्ट्या घातल्या, बुश सगळे रबराचे नवीन, यू बोल्ट नवीन, शॉक चारही नवीन. बोल्ट गाडी जमिनीवर ठेवूनच टाइट करून घेतले, मेकॅनिक आधी कुरकुरला पण मी उभा राहिलो. एकही पाटा काढला नाही, उंची आहे तेवढीच. आता तोच फरक अर्ध्या बोटाच्या आत आलाय. बारीक खडी आता जाणवते पण आदळत नाही, आणि घाटात उतारावर ब्रेक मारून वळताना गाडी आधीपेक्षा जास्त सरळ राहते, हे मला अपेक्षित नव्हतं. आई परवा कराडपर्यंत आली, एकदाही हळू चालव म्हणाली नाही.

रिकाम्या गाडीला मागून अजून थोडी कडक वाटते. त्यासाठी रेवतीताई म्हणाल्या तसा पातळ जास्त पाट्यांचा सेट बनवून घ्यायचा विचार आहे. पाटेवाले दादा, तुमच्याकडे होईल का, आणि मापं कशी घेऊ?

पाटेवाला_कोल्हापूर
होईल, पण पाट्याची पट्टी तयार, पाणी दिलेलीच कारखान्यातनं मागवायची, दुकानात पाणी देत नाही आम्ही. मापं गाडी जमिनीवर उभी असताना घ्या. सेंटर बोल्टपासून पुढच्या बुशच्या मधापर्यंत वेगळं, मागच्या बुशच्या मधापर्यंत वेगळं, बऱ्याच गाड्यांना दोन्ही बाजू सारख्या नसतात. प्रत्येक पाट्याची जाडी व्हर्नियरनं, टोकाला नाही, मधाजवळ, गंज खरवडून. रुंदी, बुशचं आतलं माप, आणि शॅकल किती कललंय त्याचा बाजूनं एक फोटो. डावी-उजवी दोन्हीकडची घ्या, ड्रायव्हरकडचा पाटा बहुतेक वेळा जास्त बसलेला असतो.

कुंभार्लीकर
व्हर्नियर शेजारच्या लेथवाल्याकडे आहे. रविवारी घेतो आणि इथेच टाकतो.

रेवती_मेक
सोबत वजनकाट्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं करून आणता आलं तर बघा, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीची माणसं बसवून. वाळू-खडीच्या गाड्या जातात तो कुठलाही वे-ब्रिज चालेल, आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. ते आकडे असले की जाडी आणि संख्या मी काढून देते.